आरपार दगड

आक्काच्या घरातून धड निघालेल्या वस्तू अशा: पितळी पातेली दोन, त्यातल्या एकाला पोचा. लोखंडी पेटी एक, झाकण चेपलेलं. गोधड्या तीन. कळशी एक. आरसा एक, तडासुद्धा न गेलेला. विळी एक. सुपं दोन. खुर्ची एक, तीन पायांची. ती आधीपासूनच तीन पायांची होती, चौथ्याच्या जागी विटा असायच्या. आणि आक्काच्या नवऱ्याची, दाजींची, डावी चप्पल. एकूण तेरा नग.

हे सगळं अंगणात ताडपत्रीवर ओळीने मांडलं होतं. येणारा-जाणारा थांबून बघून जायचा, जणू विकायलाच काढलंय. मग आक्का म्हणायची, "बघून झालं असेल तर दोन दगड उचला तिकडे." माणसाला लगेच काहीतरी काम आठवायचं.

भूकंपाला अकरा दिवस झाले होते. भर दुपारी, कळशी भरायला लागतो तेवढा वेळ जमीन हलली आणि गावातली निम्मी घरं बसली. आक्काच्या घराच्या तीन भिंती उभ्या राहिल्या. मागची, अठरा फुटांची, आत कोसळली. तिला पाठ लावून दाजी पडले होते, छातीवर वर्तमानपत्र घेऊन. जेवणानंतरची त्यांची ती नेहमीची जागा.

ती भिंत आक्काच्या धाकट्या भावाने बांधली होती, बारा वर्षांपूर्वी. गावात त्याला सगळे गवंडीच म्हणायचे. बाप गवंडी, आजा गवंडी. आक्का तेवढी त्याला धाकट्या म्हणायची, त्याच्या मिशा पिकल्या तरी.

छप्पर सुताराने उतरवून पत्रे एका बाजूला रचून ठेवले होते. थंडीच्या आत भिंत पुन्हा उभी करायची, असं आक्काने तिसऱ्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. अजून ती रडली नव्हती. गावातल्या बायका तिला रडवायला म्हणून दोनदा येऊन गेल्या. तिने त्यांना चहा करून दिला आणि कप विसळून मागितले.

"तू बांधणार," ती भावाला म्हणाली. "दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी."

"बघू," गवंडी म्हणाला.

"बघू काय? तुझी बाकीची कामं कुणी पळवून नेतंय?"

पडलेली भिंत पुन्हा बांधायची तर आधी दगड निवडावे लागतात. त्यांच्या बापाची ही पद्धत. बाप म्हातारा झाल्यावर आक्काच त्याच्या हाताखाली दगड निवडायची, लग्न होईपर्यंत. चार ढीग. पहिला कोपऱ्यांच्या दगडांचा, दोन बाजू काटकोनात घडवलेल्या. दुसरा तोंडाच्या दगडांचा, एक बाजू सपाट असलेल्या. तिसरा भरीचा, म्हणजे चिपा आणि वेडेवाकडे तुकडे. चौथा आरपार दगडांचा.

दगडी भिंत दिसते एक, असतात दोन. एक आतली, एक बाहेरची, पाठीला पाठ लावून उभ्या. मध्ये चिपा आणि माती. दोघींना धरून ठेवतो तो लांब दगड, एक तोंड घरात, दुसरं बाहेर. तो नसला तरी भिंत उभी राहते. वर्षानुवर्षं राहते, दिसायलाही झकास दिसते. जमीन हलली की मात्र दोघी एकमेकींना सोडून देतात. आडवे दोन पावलांवर एक, उभे दोन हातांवर एक, हा बापाचा हिशोब. त्या हिशोबाने आक्काच्या मागच्या भिंतीत वीस हवे होते.

ढिगाऱ्यात किती निघणार, हे जगात एकालाच ठाऊक होतं. तो रोज सकाळी येऊन आक्काच्या शेजारी उकिडवा बसायचा, दगडांवरची माती थापीने खरवडायचा आणि चौथ्या ढिगाकडे पाहायचं टाळायचा. अकराव्या दिवशी त्या ढिगात चार दगड होते आणि निम्म्याहून जास्त भिंत निवडून झाली होती.

"खाली असतील बाकीचे," आक्का म्हणाली.

"असतील," तो म्हणाला.

*

दवाखाना गावाच्या उत्तरेला होता. एकच लांब खोली, चार दगडी भिंती, वर पत्रा. आक्काचं घर बांधलं त्याच उन्हाळ्यात तीही गवंड्यानेच बांधली होती. भूकंपात तिला केसाएवढी चीर गेली, बस. त्याच संध्याकाळपासून गावाने तिथे जखमी माणसं, म्हातारी माणसं आणि दोन बाळंतिणी नेऊन ठेवल्या. लोक येताजाता गवंड्याच्या पाठीवर थाप मारायचे. ज्याचा दाजी त्याने बांधलेल्या भिंतीखाली मेला, त्याला धीर द्यायचा तर दुसरं काय बोलणार?

"दोनच गोष्टी उभ्या राहिल्या गावात," सुतार म्हणायचा. "याचा दवाखाना आणि माझ्या सासूची जीभ."

सुतार आणि गवंडी एका वयाचे, एकाच वर्गात दोनदा नापास झालेले. भूकंपाच्या संध्याकाळी सुताराने त्याला विचारलं होतं, "पोरांना आत झोपवू ना रे? तुझी भिंत आहे, तूच सांग." गवंडी म्हणाला होता, "झोपव." एवढंच. शब्द तोंडातून निघून गेला आणि मग परत घेता येईना.

नर्सबाईंकडे वरून एक छापील कागद आला होता. आपत्तीनंतर माणसांची मनं कशी आहेत ते विचारून खुणा करायच्या होत्या. बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून एकेकाला बोलवायच्या.

"झोप लागते का?"

"लागते," सुतार म्हणाला.

"दचकायला होतं का?"

"लग्न झाल्यापासून."

"एकटं वाटतं का?"

"एकटं कसलं बाई, तुमच्या एका खोलीत एकोणीस जण आहेत. त्यातली एक माझी सासू."

बाई हसल्या नाहीत, पण खूण करायचं विसरल्या. मग गवंड्याची पाळी आली.

"आत येऊन बसा," बाई म्हणाल्या. "वारा आहे."

"पाय मातीचे आहेत."

"पायांचा विचार यापूर्वी कधी केला नव्हता तुम्ही."

तो चौकटीपाशीच उभा राहिला, हात चौकटीवर. भूकंपापासून तो कुठल्याही छपराखाली गेला नव्हता. स्वतःच्या घरी अंगणात जेवायचा, अंगणात झोपायचा. गावात बरेच जण बाहेर झोपत, त्यामुळे ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. बायकोच्या आलं होतं. आतला डबा आणायलाही तो तिला हाक मारायचा.

"झोप?" बाईंनी विचारलं.

"लागते."

"दचकणं?"

"नाही."

"स्वतःला दोष द्यावासा वाटतो का? असं लिहिलंय, म्हणून विचारते."

तो बाईंच्या खांद्यावरून आतल्या भिंतीकडे बघत होता. दगडांची तोंडं एका रेषेत, दर दोन पावलांवर एक मोठं तोंड, भोवती चुन्याची नीट किनार. बांधकाम संपलं त्या दिवशी तपासणी समितीची माणसं आली होती. त्यांनी आतून तोंडं मोजली, बाहेर जाऊन पुन्हा मोजली, आकडा जुळला, आणि त्यांनी त्याला पानसुपारी देऊन निरोप दिला होता.

"नाही," तो म्हणाला. "कशाला?"

*

तेराव्या दिवशी दुपारी जमीन पुन्हा कूस बदलल्यासारखी हलली. पत्र्यांची रास खणखणली. आक्काच्या हातातला दगड सुटून तिच्या अंगठ्यावर पडला. तिने तो उचलला, ढिगात ठेवला आणि मग खाली बसली. नखातून रक्त येत होतं. गवंड्याने पाणी आणलं.

"ते हाक मारत होते," आक्का म्हणाली.

"कोण?"

"तुझे दाजी. भिंत पडल्यावर. माझं नाव घेऊन. जन्मात कधी नाव घेतलं नाही, अगं-तुगं करायचे." तिने अंगठा कळशीखाली धरला. "मी अंगणातच होते, धुणं धूत. दारापर्यंत दहा पावलं. मी गेले नाही, धाकट्या. जमीन हलत होती आणि मी अंगणाच्या मधोमध उभी. ओले कपडे पोटाशी धरून. ते हाक मारत होते आणि मी उभी. मग हाका थांबल्या."

"तू जाऊन काय करणार होतीस? तूही गेली असतीस."

"सगळ्यांना सांगितलं की मी बेशुद्ध पडले होते. नर्सबाईंनी तसं लिहूनही घेतलंय." ती अंगठ्याकडेच बघत होती. "पाय होते ना मला. लुळी नव्हते."

गवंड्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. इथे सांगता आलं असतं. त्याहून सोपी जागा पुढे मिळणार नव्हती, हे त्याला त्याच क्षणी कळलं. पण त्याच वेळी छातीत कुठेतरी काहीतरी सैल झालं. भरलेलं घमेलं डोक्यावरून कुणी उतरवून घ्यावं तसं. ही स्वतःलाच बोल लावत होती. बारा वर्षांपूर्वीची भिंत तिच्या मनातही नव्हती.

"होतं असं," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस."

घरी गेल्यावर त्याने ताट तसंच परत केलं. बायकोने विचारलं, काय खाल्लंस बाहेर. काही नाही, तो म्हणाला. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो उठला. घरामागे कुंपणाच्या भिंतीसाठी आणून ठेवलेले लांब दगड होते. त्याने हातगाडीत चार घातले. एकेक दगड दीड मणाचा. आक्का नळावर पाणी भरायला गेली की तिला परतायला अर्धा तास लागायचा. तेवढ्या वेळात त्याने ते चार दगड ढिगाऱ्यात खुपसले, वरून माती लोटली आणि हात पुसून उकिडवा बसला. आक्का आली तेव्हा तो थापीने खरवडत होता. पाठीतून कळा येत होत्या.

"लवकर आलास."

"झोप झाली."

त्याच्या दुसऱ्या दिवशी चार, नंतर पुन्हा तीन. तिसऱ्या दिवशी त्याची बायको दारात उभी होती.

"आपले दगड कुठे चालले?"

"आक्काला कमी पडतायत."

"तिच्या भिंतीत तिचे होते ना?"

"चिरडले."

"दगड चिरडले," ती म्हणाली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिने जरा वेळ बघितलं, मग गाडीचं दुसरं टोक धरलं, फाटकाबाहेर ढकलायला मदत केली आणि आत निघून गेली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

*

सतराव्या दिवशी ढिगारा संपला. चौथ्या ढिगात सतरा दगड होते. आक्काने ते सगळे अंगणात ओळीने लावले, कळशी घेऊन बसली आणि एकेक दगड धुवायला लागली. गवंड्याला ही पद्धत माहीत नव्हती.

"धुतेस कशाला? मातीतच जायचेत परत."

ती धुतच राहिली. एकेका दगडावर पाणी ओतायची, तळहात फिरवायची. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. सहा दगड तिने डावीकडे सरकवले. मग हात पदराला पुसले.

"इकडे ये. हा बघ. याचं हे तोंड काळं. आत चूल होती, बारा वर्षांचा धूर. हे दुसरं तोंड उन्हाने विटलेलं. मधला भाग कोरा, माती चिकटलेली. भिंतीतून निघालेला दगड असा असतो." तिने उजवीकडचा एक पायाने हलवला. "आणि हा चारी बाजूंनी सारखा. वर शेवाळं आहे. चुलीपाशी शेवाळं कुठून आलं?"

"दगड काय, दगडासारखाच," तो म्हणाला.

"असे अकरा आहेत. माझे सहा."

गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. चाकातली तार कुठेतरी घासत होती.

"वीस हवे होते," आक्का म्हणाली.

"हो."

"मिळाले नव्हते म्हण. तेवढं तरी म्हण."

"खाणीत होते. घडवायला एकाला अर्धा दिवस जातो. त्या उन्हाळ्यात मी तीन कामं घेतली होती." त्याने थापीची माती बोटाने काढली. "खालचे सहा नीट बसवले. वर आल्यावर म्हटलं, कोण बघायला येणार आहे. बहिणीचं घर."

आक्काने कळशी आडवी होऊ दिली. पाणी दगडांमधून वाट काढत तिच्या पायाखाली आलं, ती हलली नाही.

"त्या दिवशी मी तुला सांगितलं," ती म्हणाली. "माझ्याबद्दल."

"हो."

"तू ऐकून घेतलंस."

"हो."

"बरं वाटलं का तुला?"

खोटं बोलायला जीभ वळेना. त्याने मान हलवली, होकारार्थी.

आक्का उठली. ती मारेल या अपेक्षेने तो बसून राहिला. लहानपणी ती मारायची, हातात असेल त्याने. पण ती ताडपत्रीपाशी गेली, चप्पल उचलली, झटकली, पुन्हा होती तिथे ठेवली. तिकडे तोंड करूनच तिने विचारलं, "आणखी कुठे?"

"काय?"

"तीन कामं घेतली होती म्हणालास. आणखी कुठे केलंस असं?"

तिसरं काम विहिरीच्या कठड्याचं होतं, त्यात आरपार दगड लागत नाहीत.

"दवाखाना," तो म्हणाला. "उत्तरेची भिंत. तिथे मोजायला येणार होते, म्हणून तोंडं केली. एक आखूड दगड आतून, एक बाहेरून, समोरासमोर. बघणाऱ्याला एकच वाटतो."

"एकोणीस माणसं आहेत आत."

"उभी राहिली ना ती."

"ही पण बारा वर्षं उभी होती," आक्का म्हणाली. "चल."

*

ती पुढे, तो मागे. वाटेत त्याने तिला गाठलं.

"आक्का, छप्पर गळतंय म्हणून सांगतो. पत्रे सुटलेत, उतरवायला लागतील. लोक बाहेर निघाले म्हणजे झालं ना? त्यानेही काम भागेल."

"तुझ्या तोंडाने काय सांगायचं ते तू सांग," ती म्हणाली. चालणं कमी केलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर नर्सबाई औषधाच्या बाटल्या पुसत होत्या. सुतार आत सासूच्या खाटेचा पाय ठोकत होता. म्हातारीचा पाय भूकंपात मोडला होता. दोन्ही बाळंतिणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. उत्तरेच्याच. ती बाजू वाऱ्याची नव्हती.

"बाई," गवंडी म्हणाला, "सगळ्यांना बाहेर काढायला लागेल. छप्पर..."

"छपराला काय झालं?"

आक्का पायरीखाली उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती बाळंतिणींकडे बघत होती.

"छपराला काही नाही," तो म्हणाला. "भिंत खोटी आहे. ती उत्तरेची. मी खोटी बांधलीय."

बाईंना कळलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने, मग सुताराला समजेल असं, दोन हातांच्या मुठी एकमेकींसमोर धरून: हा आतला, हा बाहेरचा, मध्ये काही नाही. आक्काच्या घराचंही त्याने सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

सुताराने हातोडा खाली ठेवला. "मी तुला विचारलं होतं."

"हो."

"पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पोरांना आत झोपवू का."

"झोपव म्हणालो."

"तेच विचारतोय. ऐकण्यात माझीच चूक झाली असेल म्हणून."

सुताराने धाकटीला काखेत मारलं, मोठ्याचं बखोट धरलं आणि बाहेर नेऊन लिंबाच्या झाडाखाली बसवलं. मग परत येऊन खाटा उचलायला लागला. गवंडी चौकटीपर्यंत आला आणि सासूच्या खाटेचं जवळचं टोक धरायला त्याने हात पुढे केला.

"तू नाही," म्हातारी म्हणाली. "जावयाने धरलं तर पाडेल, पण चुकून पाडेल."

बाहेर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. गवंड्याने हात मागे घेतले. ते कुठे ठेवावे हे त्याला कळेना. खाट त्याच्या समोरून गेली, मग दुसरी, मग बाळंतिणी, पोरं छातीशी धरून. जाताना प्रत्येकीने पदर सावरून त्याच्यापासून अंग चोरलं. एका म्हाताऱ्याने मात्र थांबून विचारलं, "माझ्या गोठ्याची भिंत पण तुझीच ना रे?" ती विटांची आहे, तो म्हणाला. "विटांचीच आहे," म्हातारा म्हणाला, "खात्री केलेली बरी."

अर्ध्या तासात खोली रिकामी झाली. एकोणीस माणसं झाडाखाली होती आणि वारा वाढला होता. नर्सबाईंनी वरच्या कचेरीत फोन लावला. तंबू पाहिजेत म्हणाल्या. मग बराच वेळ नुसतं हो, हो, नाही, तसं नाही, असं चाललं. फोन ठेवून त्या गवंड्याकडे आल्या.

"ते म्हणतात, भूकंपात उभी राहिलेली इमारत रिकामी का केली. कुणाच्या सांगण्यावरून. मी म्हटलं, बांधणाऱ्याच्या. ते म्हणतात, आकडा द्या. किती दगड खरे, किती खोटे. लेखी. नुसत्या बोलण्यावर तंबू सुटत नाहीत."

"बारा वर्षं झाली," तो म्हणाला. "काही खरे घातले होते. किती ते आठवत नाही."

"मग भिंत फोडायची?"

"फोडायला नको," आक्का म्हणाली.

बाप एक परीक्षा घ्यायचा. एकाने बाहेर उभं राहून दगडाच्या तोंडावर हातोडा मारायचा. दुसऱ्याने आत, त्याच दगडाच्या दुसऱ्या तोंडावर तळहात सपाट ठेवायचा. दगड सलग असेल तर ठोका हाताला लागतो, बंद दारावर पलीकडून कुणी थाप मारावी तसा. दोन तुकडे असतील तर नुसता आवाज येतो. लहानपणी आत उभं राहायचं काम आक्काचं असायचं.

"हातोडा द्या मला," आक्का म्हणाली. "आत कोण जातंय?"

"मी जातो," सुतार म्हणाला.

"तुला कळणार नाही. लाकूड नाही ते."

गवंडी दाराकडे बघत होता. छपराखाली गेल्याला सतरा दिवस झाले होते. त्याने चौकटीवर हात ठेवला. झाडाखालून सगळे बघत होते. सुताराच्या मोठ्या पोराने बापाला काहीतरी विचारलं आणि सुताराने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तो आत गेला. पाचव्या पावलाला तो भिंतीला धरून उभा राहिला, त्याच भिंतीला. पत्र्यावर वारा टकटक करत होता आणि दर टकटकीला त्याची मान आपोआप खांद्यांत जात होती. पाठीवर घामाची धार लागली. औषधांचा वास होता, बाळांच्या दुपट्यांचा होता. त्याने पहिल्या तोंडावर तळहात ठेवला. चुन्याची किनार अजून गुळगुळीत होती.

"ठेवलास हात?" बाहेरून आक्काचा आवाज आला.

"ठेवला."

ठोका पडला. आवाज आला. हातात काहीच आलं नाही.

"सांग मोठ्याने," आक्का म्हणाली. "बाईंना लिहायचंय."

"नाही," तो म्हणाला.

"ऐकू येत नाही."

"नाही!"

पुढचा. नाही. त्याच्या पुढचा. नाही. चौथ्याला तळहाताला धक्का बसला तेव्हा तो इतका दचकला की हात काढून घेतला. लागला, तो म्हणाला. मग पुन्हा नाही. वरच्या ओळीसाठी रिकामं खोकं लागलं. तिथे डोकं पत्र्याच्या जवळ गेलं आणि त्याला डोळे मिटून घ्यावे लागले. डोळे मिटल्यावर हाताला नीट कळायला लागलं. आक्का घाई करत नव्हती. एक ठोका, मग त्याचा शब्द, मग बाहेर सरकणाऱ्या तिच्या पावलांचा आवाज. एकदा तिने विचारलं, "बसायचंय का जरा?" तो नाही म्हणाला, आणि बाईंनी ते 'नाही' चुकून लिहून घेतलं; मग खोडावं लागलं.

शेवटचं तोंड कोपऱ्यापाशी होतं. ते झाल्यावर तो बाहेर आला. सदरा अंगाला चिकटला होता. आक्काने हातोडा सुताराला परत दिला. नर्सबाईंनी फोन लावला, पलीकडून कुणी उचलेपर्यंत थांबल्या, आणि वहीतून वाचायला लागल्या. उत्तरेची भिंत. तोंडं बत्तीस. आरपार नऊ.